मृग, म्हाई आणि एक रुपया दंड : कोल्हापूरच्या शालेय वर्षाची गोष्ट

प्राथमिक शाळेच्या कचेरीत मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे एक कागद वर्षभर टांगलेला असतो. वर ‘वार्षिक सुट्ट्यांची यादी’ असे शीर्षक, खाली तीन-चार रकाने आणि शेवटी शिक्षणाधिकाऱ्यांची सही. जूनमध्ये तो पांढराशुभ्र असतो, मार्चपर्यंत त्याच्या कडा पिवळ्या पडतात आणि मे महिन्यात त्याच खिळ्याला नवा कागद लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत मी सत्तावीस वर्षे शिकवले. या कागदाकडे आम्ही शिक्षक फक्त एका नजरेने पाहत असू : यंदा दिवाळीला किती दिवस मिळाले आणि कोणता सण रविवारी येऊन ‘वाया’ गेला. या यादीलाही इतिहास असेल, असे नोकरीत असताना कधी मनात आले नाही. निवृत्तीनंतर जुनी हजेरीपत्रके, परिपत्रके आणि संस्थानकालीन छापील साहित्य चाळायला बसलो, तेव्हा लक्षात आले की शाळा कोणत्या दिवशी भरावी हा प्रश्न शाळेत कोणी यावे या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. या लेखात तेवढेच सांगायचे आहे.

पंचांग, रविवार आणि मृग

सरकारी शाळा येण्यापूर्वी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. त्यांची सुट्टी तिथीवर ठरे. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे परंपरेने अनध्यायाचे दिवस, म्हणजे त्या दिवशी पाठ नाही. वेदपाठशाळेचा हा नियम गावच्या शाळेत कमीअधिक सैलपणे पाळला जाई आणि त्यात सणवारांची भर पडे. ही व्यवस्था सुखाने चालली त्याचे एक कारण असे की त्या शाळेत येणारी मुले बहुतांशी ब्राह्मणांची, व्यापाऱ्यांची आणि वतनदारांची असत. ज्या घरातले पोर गुरांमागे जाते, ते घर त्या शाळेच्या हिशेबातच नव्हते. त्यामुळे पंचांग आणि शेत यांची टक्कर होण्याचा प्रसंगच येत नसे.

इंग्रजी अमलात सरकारी आणि मिशनच्या शाळा आल्या, त्यांच्याबरोबर रविवार आला. आज रविवार आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की तोही कधीतरी मिळवावा लागला हे आपण विसरतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये. खेड्यातल्या शेतकऱ्याला मात्र रविवारचे काही अप्रूप नव्हते. त्याची उसंत बाजाराच्या दिवशी, म्हाईला किंवा बेंदराला. आजही आमच्याकडे बाजाराच्या दिवशी वर्गात दोन-चार जागा रिकाम्या दिसतात, त्या या जुन्या आठवड्याच्या खुणा आहेत.

वर्ष जूनमध्ये का सुरू होते, हा प्रश्न शहरातला पालक हमखास विचारतो. याचे उत्तर दख्खनच्या दप्तरात मिळते. मराठी कागदपत्रांवर जो सुहूर सन आढळतो, त्यालाच ‘मृगसाल’ म्हणत. सूर्य मृग नक्षत्रात गेला, म्हणजे साधारण ५ ते ७ जूनच्या सुमारास, की ते वर्ष बदले. दख्खनी फसली सनाची सुरुवातही त्याच सुमाराची. महसुलाचे वर्ष पेरणीपासून मोजायचे, कारण सारा द्यायचा तो पिकातून, असा त्यामागचा सरळ व्यवहार होता. शाळेचे वर्षही याच उंबऱ्यावर येऊन थांबते. मे महिन्याचा उन्हाळा संपतो, मृगाचा पाऊस लागतो आणि नव्या पाटीचा दिवस येतो.

पण यात एक विसंगती आहे. मृग हा शेतकऱ्याच्या कामाचा आरंभ आहे. कुणब्याच्या घरात सगळ्यात जास्त हातांची गरज असते, नेमक्या त्याच आठवड्यात शाळा त्याच्या पोराला बोलावते. शाळा थोड्यांसाठी होती तोवर या विसंगतीने कोणाचे बिघडत नव्हते. ती सर्वांसाठी करायचे ठरले आणि ती उघडी पडली.

सक्तीचा कायदा आणि गैरहजेरीची किंमत

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्याच निवेदनात त्यांनी हेही सांगितले की गरीब शेतकऱ्याला गुरे राखायला आणि शेतात राबायला मुलांची गरज लागते, म्हणून तो त्यांना शाळेत पाठवू शकत नाही. यासाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे यांसारखे उत्तेजन हवे. सक्ती आणि सवड या दोन गोष्टी फुल्यांनी एकाच कागदावर मांडल्या, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुढच्या काळात सक्तीची आठवण राहिली, सवडीची पुसट होत गेली.

बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू केला. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये याच आशयाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. ब्रिटिश सरकारला जे परवडत नव्हते ते कोल्हापूरने करून दाखवले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१८ च्या मार्चमध्ये करवीर पेट्यातील चिखली येथे या योजनेतील पहिली शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम निघाला.

एक रुपया आज हास्यास्पद वाटेल. शेतमजुराची दिवसाची मजुरी तेव्हा काही आण्यांत होती आणि रुपयाचे आणे सोळा. म्हणजे महिन्याकाठी कित्येक दिवसांची मजुरी शाळेच्या नावाने जाणार. या कायद्याचे मोल सांगताना आपण नेहमी महाराजांची दूरदृष्टी सांगतो, ते योग्यच आहे. मला त्यातली दुसरी बाजूही दिसते. दंड लागू झाला त्या दिवसापासून कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस यांतला फरक गावासाठी पैशाचा झाला. पंतोजींच्या शाळेत पोर आले नाही तर कोणाचे काही जात नव्हते. आता हजेरीपत्रकातल्या प्रत्येक रिकाम्या चौकटीला अर्थ आला.

चिखलीची शाळा मार्चमध्ये सुरू झाली, जूनमध्ये नव्हे, याकडे मी वाचकांचे लक्ष वेधतो. मार्चमध्ये आमच्या भागात रब्बीची सुगी आटोपत आलेली असते आणि पेरणीला अजून दोन-अडीच महिने अवकाश असतो. गावातली पोरे खऱ्या अर्थाने मोकळी असतात ती याच दिवसांत. मुलांना घराबाहेर काढून पहिल्यांदा पाटीवर बसवायचे तर वर्षातला यापेक्षा चांगला मोसम सापडणे कठीण.

शहात्तर दिवसांचे गणित

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. तेव्हापासून जिल्ह्याची सुट्ट्यांची यादी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात तयार होते.

या यादीचा सांगाडा माध्यमिक शाळा संहितेतल्या एका नियमावर उभा आहे. वर्षभरातील सुट्ट्या रविवार सोडून ७६ पेक्षा जास्त नसाव्यात आणि कामाचे दिवस किमान २३० असावेत. वाचकांनी हिशेब करून पाहावा : ३६५ मधून ५२ रविवार वजा केले की ३१३ उरतात, त्यातून ७६ गेले की २३७. म्हणजे हाताशी जेमतेम सात दिवस शिल्लक. एखादी निवडणूक, एखादा महापूर, एखादा दुखवटा यांत ते संपतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीला २२० दिवस व १००० तास अशी किमान मर्यादा घातली आहे. ती या गणितात बसते, पण प्रत्यक्ष अध्यापनाचे तास मोजू लागलो की बसवताना दमछाक होते.

मग ७६ दिवस वाटायचे कसे? उन्हाळी सुट्टी २ मे पासून जूनच्या मध्यापर्यंत. १ मे रोजी झेंडावंदन, निकाल आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी ही महाराष्ट्राची जुनी रीत. रविवार वगळता त्यात ३८ च्या आसपास दिवस जातात, म्हणजे निम्मा साठा इथेच संपला. विदर्भात ऊन जास्त म्हणून तिथल्या शाळा आणखी उशिरा उघडतात. २०२४ मध्ये राज्यात शाळा १५ जूनला आणि विदर्भात १ जुलैला सुरू झाल्या. दिवाळीला बारा-चौदा दिवस. उरलेल्या पंचवीस-सव्वीस दिवसांत सगळे धर्म, सगळे महापुरुष, दोन्ही राष्ट्रीय सण आणि स्थानिक यात्रा. यातले तीन दिवस मुख्याध्यापकांच्या अधिकारात असतात.

हे तीन दिवस म्हणजे गावाच्या हाती उरलेले शेवटचे दिवस. मी ज्या गावांत होतो तिथे एक दिवस म्हाईला जाई, एक ग्रामदैवताच्या पालखीला आणि तिसऱ्यासाठी दरवर्षी रस्सीखेच चाले. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर जोतिबाची यात्रा भरते. सासनकाठ्या निघालेल्या गावात त्या दिवशी शाळा चालू ठेवली तर वर्गात मास्तर आणि फळा एवढेच उरतात. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा. पंचगंगेचे नवे पाणी घेऊन मिरवणुका टेंबलाईच्या टेकडीवर जातात, तेव्हा शहरातल्या शाळांची तीच गत.

परिपत्रकात आणखी एक वाक्य दरवर्षी येते. उन्हाळी किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून ती गणेशोत्सव किंवा नाताळासारख्या सणाला, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने, समायोजित करता येईल. कोकणात या वाक्याचा पुरेपूर उपयोग होतो. चाकरमानी गावी येतात त्या दिवसांत तिथे शाळा भरवणे व्यर्थ, हे सर्वांना मान्य आहे. उर्दू माध्यमाच्या शाळांसाठी रमजान लक्षात घेऊन अनेक जिल्हा परिषदा वेगळी यादी काढतात. म्हणजे यादी लवचिक होऊ शकते. सणासाठी ती वाकते. कामासाठी, पावसासाठी, पोटासाठी वाकते का, हा खरा प्रश्न आहे.

एक जिल्हा, दोन पाऊस

कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके आहेत. पश्चिमेच्या गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेच्या शिरोळमध्ये पाच-सहाशे. दोन्हीकडे यादी एकच.

पश्चिमेच्या तालुक्यांत मेअखेर धूळवाफ पेरणी होते आणि जिथे रोप करून भात लावतात तिथे जुलैत लावणीची घाई असते. त्या भागातली माझी जुनी हजेरीपत्रके आठवली की जुलैचे पान डोळ्यांपुढे येते. मुलग्यांच्या गैरहजेऱ्या तुटक, इकडे एक तिकडे दोन. मुलींच्या सलग, आठ-आठ दिवसांच्या. आई चिखलात उभी, म्हणून धाकट्याला सांभाळायला मोठी घरी. दिवाळीच्या सुट्टीत तीच मुलगी रिकामी बसलेली दिसे, कारण भाताची कापणी काही वर्षी सुट्टीच्या आधीच उरकलेली असे. आमची दिवाळी पंचांगाने येते आणि कापणी पावसाने. दोघींची गाठ पडली तर ती योगायोगाने.

पूर्वेकडे पाऊस कमी, पण पाणी जास्त. पश्चिमेच्या डोंगरात पडलेला पाऊस शिरोळ तालुक्यात उतरतो. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि दोन्ही नद्यांचे पाणी गावात शिरते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले, जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांवर. अशा वेळी नदीकाठची शाळा पाण्यात आणि उंचावरची शाळा निवारा छावणी. पाणी ओसरल्यावर गाळ काढायचा, भिजलेली दप्तरे वाळवायची आणि मग परिपत्रक येते, ‘बुडालेले दिवस भरून काढावेत’. कोठून काढायचे ते शिल्लक सात दिवसांच्या हिशेबावरून वाचकांच्या ध्यानात येईल.

निर्णय मात्र दिवसेंदिवस वर सरकत आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने, २५ एप्रिलपर्यंत, घेण्याचे पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ठरवले. पाच-सहा दिवसांत पेपर तपासून १ मेला निकाल कसा लावायचा, आणि चंद्रपूरच्या उन्हात पोरांना परीक्षेला कसे बसवायचे, अशी तक्रार शिक्षक व मुख्याध्यापक संघटनांनी केली. एप्रिलमध्ये वर्ग ओस पडतात, मुलांचे दिवस वाया जातात, हे शासनाचे म्हणणेही खोटे नव्हते. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. पण गगनबावड्यापासून गडचिरोलीपर्यंत एकच तारीख लावली की कोणाचे तरी दिवस वाया जाणारच.

पटाबाहेरची मुले

या यादीत ज्यांचा कधीच विचार झाला नाही अशी मुले मला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत भेटली.

कोल्हापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि मार्चच्या आसपास संपतो. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याच्या आवारात किंवा शेताच्या बांधावर खोपी उभ्या राहतात. त्यांची मुले जूनमध्ये आपल्या गावच्या शाळेत जातात. ३० सप्टेंबरच्या पटावर, ज्यावरून शिक्षकांची संचमान्यता ठरते, तिथे ती हजर असतात. नोव्हेंबरमध्ये ती तिथे नसतात. इथे असतात, पण इथल्या पटावर त्यांचे नाव नसते. आमचे दुसरे सत्र सुरू होते तेव्हा ती येतात आणि वार्षिक परीक्षेआधी निघून जातात. आपले शालेय वर्ष आणि त्यांच्या आईबापांचे वर्ष एकमेकांना इतके नेमके छेदते की ठरवूनही जमले नसते.

अशीच एक मुलगी एका डिसेंबरमध्ये माझ्या तिसरीच्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. हातात वाढ्यांची लहान पेंढी होती, ती विकायला निघाली होती. मी तिला आत बसवले. ती रोज येऊ लागली, पाढे भराभर म्हणायची, दुपारची खिचडी मिळायची. महिन्याभराने शाळेत मुलींच्या गणवेशाचे कापड आले. तिने विचारले, ‘गुरुजी, मला?’ मी म्हणालो, ‘बाळ, तुझं नाव पटावर नाही.’ उत्तर नियमाला धरून होते. ती दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तिच्या मूळ गावच्या शाळेला पत्र पाठवून तिचे नाव आमच्याकडे घेता आले असते, ते मी केले नाही. तो आळस माझाच होता, कोणत्या खात्याचा नव्हे.

या मुलांसाठी काहीच झाले नाही असे नाही. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालल्या. मूळ गावात हंगामी वसतिगृहे निघाली, म्हणजे आईबाप गेले तरी मूल गावात राहील. शिक्षण हमी कार्ड आले, ते दाखवले की कोणत्याही शाळेने मुलाला बसवून घ्यायचे. हे सगळे उपाय मुलाला आपल्या वर्षात बसवण्याचे आहेत. वर्षाला त्याच्याकडे थोडे सरकवण्याचा उपाय मला कोणत्या यादीत दिसला नाही.

आणि तरीही कायद्यात त्याला जागा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये दिली आहेत. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे हे त्यांतले एक. एक ओळ सोडून पुढचे कर्तव्य आहे, शैक्षणिक वेळापत्रक निश्चित करणे. कायदा करणाऱ्यांनी या दोन गोष्टी जवळजवळ खेटून ठेवल्या. जिल्ह्याच्या कार्यालयात मात्र सुट्ट्यांच्या यादीची फाइल वेगळ्या टेबलावर आणि स्थलांतरित मुलांच्या सर्वेक्षणाची फाइल वेगळ्या टेबलावर.

दुसरीकडे काय घडले हेही पाहण्यासारखे आहे. स्कॉटलंडमध्ये शाळांना ऑक्टोबरात सुट्टी असते, तिला लोक अजून ‘बटाट्याची सुट्टी’ म्हणतात. एकेकाळी शाळकरी पोरे त्या दिवसांत शेतावर बटाटे वेचायला जात. आता यंत्रे आली, पोरे जात नाहीत, सुट्टी तेवढी राहिली. पोरांना कामाला जुंपण्यासाठी सुट्टी द्यावी असे मी म्हणत नाही. बालमजुरीला आपण आता मान्यता देत नाही आणि देऊही नये. पण गावाच्या कामाचा मोसम शाळेच्या कागदावर उमटावा, मूल्यमापन हंगामाच्या दोन्ही बाजूंना विभागावे, मार्चमध्ये गावी परतलेल्या मुलांसाठी एप्रिल-मेचे दिवस राखून ठेवावेत, एवढे तरी जिल्ह्याच्या पातळीवर शक्य आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

पुन्हा चिखली

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीचे पाणी जिथे एकत्र येऊन पंचगंगा होते, त्या संगमाजवळ प्रयाग चिखली आहे. महापुराची बातमी आली की या गावाचे नाव पहिल्या काही ओळींत असते. २०१९ मध्ये आणि २०२१ मध्येही गावकऱ्यांना घरे सोडून सोनतळीच्या उंच जागेवर जावे लागले. सक्तीच्या शिक्षणाची सुरुवात जिथे झाली, त्या गावाची शाळा आज पावसाळ्यात नदीच्या मर्जीवर भरते.

गेल्या जूनमध्ये मी तिथे गेलो होतो. पाऊस लागायचा होता, नदी तळाला होती. नव्या यादीबद्दल शाळेबाहेर उभ्या असलेल्या एका आजोबांना मी सहज विचारले, ‘शाळा कधी बंद असते हो तुमच्याकडं?’ त्यांनी कागदाचा विषयच काढला नाही. नदीकडे हात करून म्हणाले, ‘तिला इचारा.’

शंभर वर्षांपूर्वी याच गावात राज्यकर्त्यांनी पालकांना सांगितले होते, पोर शाळेत आले नाही तर जबाबदार तुम्ही, रुपया भरा. त्या हुकुमाने माझ्यासारख्या कुणब्याच्या नातवाच्या हातात खडू आला, हे मी विसरत नाही. मूल ज्या दिवशी येऊ शकते त्या दिवशी शाळा उघडी नसेल, तर त्या दिवसाचा रुपया कोणी भरायचा, हे मात्र कोणत्याच हुकुमाने अजून ठरवलेले नाही. पुढच्या मे महिन्यात जिल्हा परिषदेत नवी यादी टंकलिखित होईल, तेव्हा स्थलांतरित मुलांची फाइल शेजारच्या टेबलावरून उचलून त्याच टेबलावर ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे.